खबर कोणासाठी? : मोत्सार्टची पत्रे आणि त्यांचा पहिला वाचक

संगीतकारांची पत्रे वाचणारे लोक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. एकाला तारखा हव्या असतात : अमुक रचना कधी पुरी झाली, मैफल कुठे झाली, बिदागी किती मिळाली. दुसऱ्याला प्रतिभेचे गुपित हवे असते. वुल्फगांग मोत्सार्टची पत्रे पहिल्याला भरभरून देतात आणि दुसऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागू देत नाहीत. मग त्या दुसऱ्याची सोय एका संपादकाने करून दिली. १८१५ साली, म्हणजे मोत्सार्ट जाऊन चोवीस वर्षे झाल्यावर, फ्रीडरिश रोखलिट्झ याने लाइप्झिगच्या आपल्या संगीतविषयक नियतकालिकात मोत्सार्टचे म्हणून एक पत्र छापले. घोडागाडीत बसलेलो असताना, पोटभर जेवून फिरत असताना, रात्री झोप येत नसताना सुरावटी कशा सुचतात आणि मग संपूर्ण रचना एखाद्या चित्रासारखी एकदम डोळ्यांपुढे कशी उभी राहते, असा त्यातला मजकूर आहे. पत्र बनावट आहे, याबद्दल आज अभ्यासकांत दुमत नाही. तरीही ते मानसशास्त्राच्या पुस्तकांतून फिरत राहिले. १९४५ साली जाक हादामारसारख्या थोर गणितज्ञाने गणिती सर्जनावर पुस्तक लिहिले, त्यातही ते आहे.

खऱ्या पत्रांत यातले काहीही नाही. तिथे असते ती खबर. काल इथे वाजवले, उद्या तिथे वाजवायचे आहे. ही गायिका चांगली आहे, तो गायक लाकडाच्या ओंडक्यासारखा उभा राहतो. या जागी टाळ्या पडल्या. नवी रचना अर्धी झाली. पैसे अजून आलेले नाहीत. अशा पत्रांना 'किरकोळ' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. चरित्रकार त्यातून तारीख उचलतो आणि पुढे जातो. गेली काही वर्षे मी ही पत्रे एमिली अँडरसन यांच्या १९३८च्या तीन खंडांतून, आणि गरज पडेल तिथे जर्मन शब्दकोश उशाशी ठेवून, पुन्हा पुन्हा वाचतो आहे. माझे मत असे झाले आहे की खबर हीच या पत्रांची कला आहे. आणि या कलेचा कस ती कोणाला दिली जाते आहे यावर ठरतो.

ज्याला ही खबर जात होती तो माणूस आधी पाहू. लेओपोल्ड मोत्सार्ट, जन्म आउग्सबुर्गचा, १७१९चा. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारी व्हायोलिनवादक, पुढे दुय्यम संगीतप्रमुख. १७५६ साली, म्हणजे ज्या वर्षी मुलगा जन्मला त्याच वर्षी, त्याचा व्हायोलिन शिकवण्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो युरोपभर गाजला. आपल्याकडे त्याची ओळख 'मुलाला गावोगाव मिरवणारा बाप' एवढीच. ती खोटी नाही. पण खबर लिहायची कसब मुलाने त्याच्याचकडून घेतली, हे कोणी सांगत नाही. १७६२च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात सहा वर्षांचा वुल्फगांग वाजवून आला, तेव्हा लेओपोल्डने साल्झबुर्गच्या घरमालकाला, लोरेन्झ हागेनाउअर या व्यापाऱ्याला, लगेच कळवले की पोराने सम्राज्ञीच्या मांडीवर उडी मारली, तिच्या गळ्यात हात टाकले आणि तिचे मुके घेतले. हागेनाउअर नुसता घरमालक नव्हता, उसनवारीचा आधारही होता. ती पत्रे एका घरात राहायची नव्हती. ती गावात वाचली जावीत, दरबारापर्यंत पोचावीत, या हिशोबानेच लिहिलेली. त्यांत मुलाचे कौतुक आहे, मिळालेल्या भेटवस्तूंची मोजदाद आहे आणि आम्ही परत येऊ तेव्हा आमची किंमत वाढलेली असेल, ही न लिहिलेली सूचनाही आहे. नाटक मंडळींच्या हँडबिलावर वाढलेल्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये.

म्हणजे पत्रातली खबर कधीच नुसती खबर नसते, हे वुल्फगांग लहानपणी बघतच मोठा झाला. पुढे तोच खबर देणारा झाला आणि लेओपोल्ड घेणारा. २३ सप्टेंबर १७७७ला एकवीस वर्षांचा वुल्फगांग आईला सोबत घेऊन नोकरीच्या शोधात निघाला. बापाला दरबाराने जाऊ दिले नाही. म्युनिक, आउग्सबुर्ग, मानहाइम करत १७७८च्या २३ मार्चला मायलेक पॅरिसला पोचले. वाटेतल्या पत्रांत दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. आउग्सबुर्गच्या श्टाइन या पियानो बनवणाऱ्याच्या वाद्यातली हातोडी स्वर वाजताच तारेपासून कशी चटकन सुटते, हे तो इतक्या नेमकेपणे लिहितो की आजचा कारागीरही मान डोलवेल. आणि दुसरीकडे मानहाइममध्ये आलॉयझिया वेबर या गायिकेच्या प्रेमात पडल्यावर तिला घेऊन इटलीला जायचा बेत तो असा मांडतो, की जणू काही तो संगीताचाच प्रश्न आहे : तिचा आवाज, तिचे वाचून गाणे, तिला शिकवलेल्या चिजा. लेओपोल्डने दोन्ही गोष्टी बरोबर वाचल्या. पियानोबद्दल त्याला आनंद झाला, आणि दुसऱ्या बाबतीत त्याने तडक पॅरिस गाठण्याचा हुकूम सोडला.

आता पॅरिसचे पत्र. ३ जुलै १७७८.

या एका पत्रावर जेवढे लिहिले गेले तेवढे मोत्सार्टच्या दुसऱ्या कुठल्याही पत्रावर नसावे. त्यातली खबर अशी : १८ जूनला तुइलरी राजवाड्यातल्या 'काँसेर स्पिरित्युएल'मध्ये त्याची नवी सिंफनी झाली. (आज ती 'पॅरिस' म्हणून ओळखली जाते, क्रमांक २९७.) तालीम इतकी वाईट झाली, की आयुष्यात असे घासणे-खरडणे ऐकले नव्हते. वेळ असता तर पुन्हा तालीम घेतली असती. भीती इतकी की आधी मैफलीला जायचेच नाही असे ठरवले. मग संध्याकाळी गेला, ते मनाशी असे ठरवून, की फारच बिघडले तर सरळ वाद्यवृंदात घुसायचे, पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या हातून वाद्य घ्यायचे आणि स्वतः चालवायचे. पहिल्या द्रुत भागाच्या मधोमध एक जागा होती, ती आवडणार हे त्याला ठाऊक होते; तिथे लोक खुलले. ती जागा हिट होणार हे लिहितानाच कळल्यामुळे शेवटाकडे त्याने ती पुन्हा आणली होती. शेवटच्या भागाची गंमत वेगळी. पॅरिसमध्ये शेवटचा भागदेखील सगळी वाद्ये एकदम वाजवून सुरू करतात, असे त्याने ऐकले होते. याने सुरुवात केली फक्त दोन व्हायोलिनांनी, हळू आवाजात, आठ मात्रावली. लोकांनी एकमेकांना गप्प केले. आणि मग सगळा वाद्यवृंद जोरात आला तसे टाळ्यांचे हात एकत्र आले. मैफल संपताच तो पाले-रोयालला गेला, आइस्क्रीम खाल्ले, नवस बोलला होता ती जपमाळ म्हटली आणि घरी गेला.

मैफलीच्या वृत्तान्ताचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. रचना कशी बांधली, श्रोता काय धरून आला होता, त्याला कुठे चकवले आणि त्याने कधी दाद दिली, हे सगळे एका परिच्छेदात. आपल्या बैठकीतल्या गवयाला विचारावे, तो हेच सांगेल : लोक सम कुठे अपेक्षून बसले होते आणि मी ती कुठे दिली. रोखलिट्झच्या बनावट पत्रातला मोत्सार्ट एकटा असतो. सुरावटी त्याच्याकडे आपणहून येतात. या पत्रातला मोत्सार्ट शेकडो माणसांच्या कानांत बसून लिहितो आहे.

पण त्या पत्राची सुरुवात वेगळीच आहे. आई फार आजारी आहे, देवाच्या इच्छेवर सोपवले आहे, आशा आहे पण फार नाही, असे त्यात आधी लिहिले आहे. वस्तुतः आई त्या रात्री १० वाजून २१ मिनिटांनी गेली होती. पत्र त्यानंतरचे आहे. त्याच रात्री त्याने साल्झबुर्गच्या बुलिंगर या कुटुंबस्नेही धर्मगुरूला दुसरे पत्र लिहिले. त्यात खरे सांगितले आणि विनंती केली की बाबांची आणि बहिणीची मनाची तयारी करा. म्हणजे शेजारच्या खोलीत आईचे प्रेत, आणि हा सिंफनीच्या टाळ्यांची, आइस्क्रीमची, शिवाय व्होल्तेर मेल्याचीही खबर लिहितो आहे. व्होल्तेरबद्दल तर बेफाम शब्दांत.

वोल्फगांग हिल्डेसहाइमर या जर्मन लेखकाने १९७७च्या आपल्या चरित्रात या पत्रांतल्या भावनांवर संशय घेतला आहे. शोकाची भाषा त्याला उसनी, पाठ केलेली वाटते, आणि मैफलीच्या गप्पांत एक प्रकारचा अलिप्तपणा दिसतो. मेनार्ड सॉलोमन यांच्या १९९५च्या चरित्रात सगळा भर बापाच्या पकडीवर आहे; मुलाने त्या पकडीत सापडून लिहिले. दोघेही मोठे वाचक आहेत, पण दोघांनीही पत्र एका टोकाने वाचले : लिहिणाऱ्याच्या. मी ते वाचणाऱ्याच्या टोकाने वाचू पाहतो. १२ जुलैला साल्झबुर्गमध्ये लेओपोल्ड बायकोच्या नामदिनाच्या शुभेच्छांचे पत्र लिहायला बसला होता. १३ तारखेला सकाळी हे पत्र हातात पडले. ओळीमागून ओळ त्याला कळत गेले की ती गेली असणार. दुपारी घरी नेहमीची नेमबाजीची बैठक झाली, मंडळी पांगली, बुलिंगर मागे राहिला आणि त्याने उरलेले सांगितले. पत्राचे काम नेमके तेच होते : एका दिवसाची मुदत मिळवून देणे. आणि ती मुदत कशाने भरायची? सांत्वनाने भरली असती तर लेओपोल्ड पहिल्याच ओळीला ओळखून चुकला असता. जगात एकच विषय असा होता ज्यावर हा बाप, काहीही झाले तरी, शेवटपर्यंत वाचत राहिला असता. सिंफनी कशी झाली, हा. मुलाने तोच त्याच्यापुढे धरला.

याला कोडगेपणा म्हणणे सोपे आहे. आपल्याकडे १२ मार्च १९११ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली आणि ते तरीही भामिनी होऊन उभे राहिले. आपण ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगतो, सांगताना आवाज खाली आणतो. तीच गोष्ट पॅरिसच्या खोलीत घडली की तिला हृदयशून्यता म्हणतो. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. बालगंधर्व तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे उभे होते. मोत्सार्टपुढे एकच प्रेक्षक होता, शेकडो मैल दूर, आणि त्याला एक रात्र तरी झोप मिळावी एवढाच उद्देश होता. पुढच्या काही पत्रांत लेओपोल्डने आईच्या मृत्यूचा ठपका मुलावरच ठेवला, हेही सांगितले पाहिजे. ते क्रूर होते. पण त्यामुळे ३ जुलैच्या पत्रातली माया खोटी ठरत नाही.

९ जुलैला खरी बातमी लिहिली, आणि त्याच पत्रात पुन्हा खबर : मैफली चालवणाऱ्या लग्रोला सिंफनीचा संथ भाग लांब आणि फार वळणांचा वाटला, म्हणून दुसरा लिहिला, दोन्ही आपापल्या परीने योग्य, पण नंतरचा मला जास्त आवडतो. नोव्हेरच्या नृत्यनाट्यासाठी दिलेल्या संगीताचीही हकिकत तिथेच येते. त्यातले सहा तुकडे दुसऱ्या कोणाचे तरी, जुन्या भिकार फ्रेंच चाली, बाकीचे याचे, आणि नाव कुठेच नाही. संयुक्त कामाच्या बाबतीत पॅरिसने त्याला फारच वाईट वागवले. चार फुंकवाद्यांसाठीची एक रचना लग्रोने विकत घेऊन नकलूनही काढली नाही, ती वाजलीच नाही.

*

सहकार्याची खरी खबर वाचायची तर 'इडोमेनेओ'ची पत्रे वाचावीत. नोव्हेंबर १७८० ते जानेवारी १७८१. म्युनिक दरबाराने ऑपेरा मागवला होता. संहिता लिहिणारा वारेस्को साल्झबुर्गचा पाद्री. संगीतकार म्युनिकमध्ये गायकांबरोबर. दोघांच्या मध्ये लेओपोल्ड. प्रत्येक दुरुस्ती बापाच्या हातून जायची. त्यामुळे संगीतकाराच्या डोक्यात एरवी न बोलता होणाऱ्या गोष्टी इथे कागदावर उतरल्या, आणि हा अपघात आपल्या भाग्याचा आहे.

काय नाही त्यात! प्रमुख गायक आन्टोन राफ सहासष्ट वर्षांचा; जुन्या वळणाचा, चांगला माणूस, पण चौघांच्या गाण्यात आपल्याला आवाज पसरायला जागा नाही अशी त्याची तक्रार. मोत्सार्ट त्याच्या एकट्याच्या गाण्यात त्याच्या घशाप्रमाणे माप काढून देतो, मात्र चौघांच्या गाण्यातला एक स्वर हलवत नाही. दाल प्राटो या तरुण गायकाला सगळी भूमिका एखाद्या पोरासारखी शिकवावी लागते. समुद्रदेवाची आकाशवाणी वारेस्कोने लांबलचक लिहिली आहे. मोत्सार्ट कळवतो की 'हॅम्लेट'मधल्या भुताचे बोलणे आखूड असते तर जास्त परिणाम झाला असता. अदृश्य आवाज फार वेळ बोलत राहिला तर प्रेक्षकाला त्याच्या खोटेपणाची आठवण होते, असा त्यामागचा विचार. चोवीस वर्षांच्या पोराने रंगभूमीबद्दल केलेले हे निरीक्षण आजच्या दिग्दर्शकांनी भिंतीवर लावावे.

बाप नुसता निरोप्या नव्हता. डिसेंबरात त्याने सल्ला दिला की केवळ जाणकारांसाठी लिहू नकोस. दहा जाणकारांमागे शंभर अडाणी असतात, त्यांचे लांब कान कुरवाळणारेही काही असू दे. मुलाचे उत्तर असे की माझ्या ऑपेरात सगळ्या तऱ्हेच्या लोकांसाठी संगीत आहे, फक्त लांब कानवाल्यांसाठी नाही. याला उर्मटपणा समजू नये. दोन वर्षांनी, १७८२च्या डिसेंबरात, व्हिएन्नाहून नव्या पियानो कंचेर्तोंबद्दल कळवताना बापाचा तोच मुद्दा तो स्वतःचा करून टाकतो : काही जागा अशा की फक्त कानसेनालाच समाधान मिळेल, पण इतरांनाही, का ते न कळता, बरे वाटावे. सल्ला नाकारायचा आणि मुरू द्यायचा, हे घराण्यात शिकलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल.

आणि मग एकाएकी पत्रे थांबतात. २९ जानेवारी १७८१ला पहिला प्रयोग झाला. तीन महिने ज्याच्या प्रत्येक पानाची हकिकत आपल्याला ठाऊक आहे, त्या प्रयोगाच्या रात्रीचे एकही पत्र नाही. कारण साधे आहे : लेओपोल्ड आणि बहीण नानर्ल तीन दिवस आधी म्युनिकला येऊन पोचले होते. ज्याला सांगायचे तो प्रेक्षकांत बसला होता. खबर हा अंतराचा धंदा आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल? टाळ्या किती पडल्या, राफचे गाणे कसे झाले, आकाशवाणी आखूड झाली का, हे आपल्याला त्या घराकडून कधीच कळणार नाही.

व्हिएन्नात आल्यावर आर्चबिशपची नोकरी सुटली, काउंट आर्कोची लाथ बसली, लग्नाचा वाद सुरू झाला. बापलेकांत बिनसले. आणि नेमक्या याच काळात, २६ सप्टेंबर १७८१ला, संगीताच्या रचनेबद्दल त्याने लिहिलेले सर्वांत महत्त्वाचे पत्र आले. 'जनानखान्यातून सुटका' या जर्मन ऑपेरात ओस्मिन हा पहारेकरी रागाने बेभान होतो. बेभान माणूस ताळतंत्र सोडतो, तसे संगीतानेही सोडायला हवे. पण संगीत, अगदी भयानक प्रसंगातही, कानाला दुखावता कामा नये, ते संगीतच राहिले पाहिजे. म्हणून त्याने एफ मेजर पट्टीतून उडी मारली ती अगदी परक्या पट्टीत नाही आणि सर्वांत जवळच्या डी मायनरमध्येही नाही. जरा दूरच्या ए मायनरमध्ये. बेल्मोन्टेचे धडधडते काळीज दोन व्हायोलिने सप्तकाच्या अंतराने दाखवतात, हेही तिथेच आहे. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत हा उतारा एखाद्या जाहीरनाम्यासारखा छापतात. पण तो जाहीरनामा नव्हे. रागावलेल्या बापाला रागावलेल्या मुलाने रागाच्या संगीताबद्दल लिहिलेले ते पत्र आहे. बाकी सगळ्या विषयांवर बोलणे अवघड झाले असताना दोघांमध्ये एवढाच एक रस्ता उघडा होता. लग्नाचे बोलायचे तेव्हा त्याची वाक्ये अडखळतात, शपथा येतात, देव येतो. ए मायनरबद्दल बोलताना तो एकदा देखील अडखळत नाही.

१६ जुलै १७८२ला ऑपेरा गाजला. चार दिवसांनी मुलाने दुसऱ्या प्रयोगाची खबर दिली : विरोधकांनी पहिला अंक शिट्या-फुसफुसाटांनी भरून टाकला, तरी गाण्यांना दाद मिळालीच. बापाचे उत्तर आले ते थंड. ३१ जुलैला मुलगा लिहितो की तुमचे असे कोरडे, निर्विकार पत्र येईल असे वाटले नव्हते. माझ्या ऑपेराच्या यशाची बातमी वाचून तुम्ही काही म्हणाल असे वाटले होते. सव्वीस वर्षांचा, सम्राटाच्या नाट्यगृहात गाजलेला संगीतकार! लोकांची दाद कानात असताना त्याला एका माणसाची हवी होती. त्याच दिवसांत त्याने साल्झबुर्गच्या हाफनर घराण्यासाठी सिंफनीचे भाग जसे होतील तसे टपालाने धाडले. पुढच्या फेब्रुवारीत कागद परत आले तेव्हा तो स्वतःच चकित झाला, त्यातला एकही स्वर आठवत नव्हता.

*

१७८४च्या मार्चमधली दोन पत्रे मी नेहमी एकत्र वाचतो. ३ मार्चच्या पत्रात वाजवायच्या मैफलींची यादी आहे, २६ फेब्रुवारी ते ३ एप्रिल : गुरुवारी गालित्सिन यांच्याकडे, सोमवारी-शुक्रवारी एस्टरहाझी यांच्याकडे, बुधवारी स्वतःच्या. अडतीस दिवसांत बावीस मैफली. वर पुस्ती अशी की एवढ्यात हात बसून जायची भीती नाही. २० मार्चला वर्गणीदारांची यादी. तीन मैफलींची वर्गणी सहा गुल्डन. राजपुत्र, सरदार, बँकवाले, सगळी व्हिएन्ना, पावणेदोनशेच्या आसपास नावे. रिख्टर आणि फिशर दोघांचे मिळून आहेत त्याहून माझे तीस जास्त, असा हिशोब. यादी हे वाङ्मय असू शकते का, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी हे पत्र पुढे करीन. एकेक नाव बापाच्या एकेका जुन्या शंकेचे उत्तर आहे : नोकरी सोडलीस, आता खाशील काय?

या वर्षानंतर वडिलांना लिहिलेली पत्रे जवळजवळ सगळी नाहीशी झाली आहेत. १७८५-८६ची त्यांतली बातमी आपल्याला लेओपोल्डने मुलीला लिहिलेल्या पत्रांतून मिळते. माझे म्हणणे मुख्यतः १७८४पर्यंतच्या पत्रांवर उभे आहे. पण १७८५च्या फेब्रुवारीत लेओपोल्ड स्वतः व्हिएन्नाला गेला आणि तिथून नानर्लला त्याने कळवलेली खबर मुलाच्या खबरीइतकीच नेमकी आहे : डी मायनर कंचेर्तो त्याच संध्याकाळी व्हायचा, आम्ही पोचलो तेव्हा नकलनीस अजून उतरवून काढत होता आणि वुल्फगांगला शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही सवड मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी हायडनने काढलेले उद्गार त्याने शब्दशः उतरवून पाठवले. ते सगळ्या चरित्रांत असतात, म्हणून इथे देत नाही.

२८ मे १७८७ला लेओपोल्ड गेला. त्यानंतरच्या पत्रांत खबर आहे, पण तिचा पोत बदललेला आहे. त्याच वर्षी जानेवारीत प्रागहून गॉटफ्रीड फॉन याकीन या मित्राला त्याने 'फिगारो'चे वेड किती पसरले आहे ते लिहिले होते. लोक त्याच्या चालींवर नाचतात, शिट्ट्या वाजवतात, दुसरे काही ऐकतच नाहीत. आनंदी पत्र आहे, पण त्यात एकाही स्वराची चर्चा नाही. मित्राला त्याची गरज नव्हती. पुखबेर्ग या कापडव्यापारी मित्राला लिहिलेल्या वीसहून अधिक पत्रांत खबर तारण म्हणून येते : नवा ऑपेरा होतो आहे, त्याचे दोनशे डुकाट मिळतील, तेवढ्यावर चारशे गुल्डन द्या, आणि तालमीला या, हायडनही येणार आहे. १७८८पासून तुर्कांशी युद्ध सुरू होते, सरदार मंडळी राजधानीबाहेर, मैफलींचा बाजार बसला होता. जुलै १७८९मध्ये तो याच पुखबेर्गला कळवतो की वर्गणीदारांची यादी पंधरा दिवस फिरवली. तिच्यावर एकच नाव आले आहे : स्वीटन.

पाच वर्षांतल्या या दोन याद्या. पहिली मिरवायला पाठवली, दुसरी मदत मागायला. दुसरीवर एकच नाव असल्यामुळे ती यादी म्हणून लिहायचीही गरज उरली नाही.

शेवटची पत्रे १७९१च्या ऑक्टोबरातली, बाडनला हवापालटासाठी गेलेल्या बायकोला, कोन्स्टान्झेला. ३० सप्टेंबरला 'जादूची बासरी' रंगभूमीवर आली होती. ही पत्रे मला पॅरिसच्या पत्राइतकीच आवडतात, जरी तशी ती मोठी नाहीत. नुकताच नाट्यगृहातून आलो, नेहमीसारखीच गर्दी. अमुक युगुलगीताला वन्समोर. पण सर्वांत सुख होते ते मूक पसंतीने. बिलियर्डचे डाव, काळी कॉफी, पाइप, चौदा डुकाटांना विकलेला घोडा आणि श्टाडलरसाठीच्या कंचेर्तोचा शेवटचा भाग वाद्यांत जवळजवळ पूर्ण मांडून झाल्याची बातमी, सगळे एकाच दमात. दुसऱ्या पत्रात पापागेनोच्या घंटावाद्याची खोडी. रंगमंचावर शिकानेडर ते वाजवल्याचा नुसता अभिनय करत असे, वाजवणारा आत असे. मोत्सार्ट मुद्दाम आत गेला आणि शिकानेडर थांबलेला असताना त्याने स्वरांची एक लड सोडली. शिकानेडर दचकला, विंगेत पाहिले. पुढच्या वेळी मोत्सार्टने वाजवलेच नाही, तर तो पुढे जाईना. शेवटी शिकानेडरने वाद्यावर थप्पड मारून त्याला गप्प बसायला सांगितले आणि लोक हसले. कित्येकांना तेव्हाच कळले म्हणे, की वाद्य तो स्वतः वाजवत नाही.

पॅरिसच्या पत्रात श्रोत्याला चकवण्याची युक्ती आठ मात्रावलींत होती. इथे ती घंटेच्या एका लडीत आहे. पण इथे तो ती समजावत नाही. कोन्स्टान्झे गाणारी होती, तिला समजले नसते असे नव्हे. तिला त्यातली गंमत हवी होती, आणि तो तेवढीच देतो. मूक पसंतीची कदर करायला मात्र त्याने या वर्षापर्यंत थांबावे लागले. १७७८मध्ये त्याला टाळ्या हव्या होत्या, कारण त्या मोजून बापाला कळवता येत.

उपलब्ध असलेले शेवटचे पत्र १४ ऑक्टोबरचे. आदल्या दिवशी सहा वाजता त्याने सालिएरी आणि गायिका काव्हालिएरी यांना गाडीतून नेऊन बॉक्समध्ये बसवले. सालिएरीने सुरुवातीच्या वाद्यसंगीतापासून शेवटच्या समूहगानापर्यंत लक्ष देऊन ऐकले आणि पाहिले, एकही जागा अशी नव्हती की जिला त्याने वाहवा केली नाही. विषप्रयोगाच्या दंतकथेवर जगणाऱ्यांनी एवढे पत्र वाचले तरी पुरे. मग घाईघाईने परत जाऊन सासूबाईंना आणि सात वर्षांच्या कार्लला आणले. सासूबाईंना आधी ऑपेराची संहिता वाचायला दिली होती, तरी त्याबद्दल त्याचा शेरा असा की त्या ऑपेरा बघतील, ऐकणार नाहीत. कार्लला शाळेतून दुपारीच घेऊन आला होता. पोरगा नाटकाला नेले म्हणून बेहद्द खूष झाला, असे त्याने कोन्स्टान्झेला कळवले आहे.